सीली दरबारची राणी

दयानंद राऊळ बाईसारखा चालतो असं कुणी म्हटलं, की कुडाळकडची जुनी माणसं लगेच दुरुस्ती करत. ‘उलटं बोललास. बायका त्याच्यासारखं चालायला बघायच्या!’

दशावताराच्या एका कंपनीत तो पंधरा वर्षं स्त्रीपार्टी होता. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवी चिरी, तोंडाला सफेदा, आणि मग देवळाच्या अंगणात पट्टराणीचा प्रवेश. तो यायचा म्हणजे चालत यायचा नाही, पाण्यावरून दिवा सोडावा तसा सरकत यायचा. बाकावरच्या म्हाताऱ्या पदर सावरून बसायच्या. विडी ओढणारे विडी विझवायचे. ती शांतता, मंडळी, ती शांतता एकदा नटाच्या अंगाला लागली की दुसरं कुठलं खाणं त्याला गोड लागत नाही.

एका हंगामात कंपनीच्या मालकाने राणीचं लुगडं एका नव्या, कोवळ्या नटाच्या हातात दिलं आणि दयानंदला म्हणाला, “तू आता सासू कर.”

दयानंदने सासू केली नाही. त्याने पासपोर्ट केला.

कंपनीत नट आपले कपडे आपणच सांभाळतो, आपणच शिवतो. त्यामुळे हातात सुई होतीच. एका आतेभावाच्या ओळखीने त्याला मस्कतच्या कुरुम भागात टेलरिंगच्या दुकानात काम मिळालं. मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत हे अरुंद दुकान होतं. काचेत एक पुतळा, त्याच्या अंगावर ओमानी बायकांचा जरीचा पोशाख, आणि आत दोन मशीनं. एकावर रत्नागिरीचा उस्मान, दुसऱ्यावर दयानंद. अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, महिन्यातून एकदा यायचा, कॉफी प्यायचा, “सगळं ठीक? खलास,” म्हणून जायचा. बायको शीला गावी होती. शुक्रवारी सुट्टी, आणि शुक्रवारीच शीलाला फोन.

असं पाच-सहा वर्षं चाललं. आता नाटक संपलं, असं दयानंदने मनाला सांगितलं होतं, आणि मन बिचारं मान हलवत होतं.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात केर मॅडम दुकानात आल्या.

केर मॅडम स्कॉटलंडच्या. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आणि यांना नाटकाचं वेड. कुरुममधले साहेबलोक आणि थोडेफार इतर हौशी जमवून त्या दर हिवाळ्यात एक नाटक बसवत आणि एका क्लबच्या हिरवळीवर करत. यंदाचं नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. त्यांच्या देशातल्या पऱ्यांचं.

“पऱ्या म्हणजे पंख लावलेल्या छोट्या मुली नव्हेत,” त्या मोडक्या हिंदीत आणि बाकीच्या इंग्रजीत सांगू लागल्या. दयानंदला इंग्रजी अर्धं कळायचं. उरलेलं उस्मान समजावून सांगायचा. “आमच्याकडे त्यांचे दोन दरबार असतात. एक भला, एक वाईट. भला दरबार गरिबाला पेरायला धान्य देतो. कुणी वाटीभर पीठ उसनं दिलं तर जास्त करून परत करतो. संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघते, घोड्यांच्या लगामांना घुंगरं असतात. त्याला म्हणतात सीली दरबार.”

“सीली म्हंजे?” दयानंदने विचारलं.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. आपल्या आवडीचं कुणी विचारलं की माणूस जसा बसतो, तशा. त्यांनी सांगितलं, की हा फार जुना शब्द. सुखी, भाग्यवान, देवाचा हात डोक्यावर असलेला, असा त्याचा अर्थ. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून त्याच अर्थाने नांदतो आहे. इंग्रजीत मात्र बिचाऱ्याचं नशीब घसरत गेलं. आधी धन्य, मग भोळा, मग कीव करावी असा, आणि शेवटी मूर्ख. आज इंग्रज ज्याला ‘सिली’ म्हणतो, तो याच शब्दाचा आजचा अवतार.

“आणि वाईट दरबार?”

“अनसीली. त्यांना तुमची चूक लागत नाही. वाटेत सापडलात की झोडपतात.” मॅडमनी आवाज खाली आणला. “पण माझी आजी दोघांचीही नावं घेत नसे. भले शेजारी म्हणायची, बस. चांगलं नाव दिलं की वाईट वागायची त्यांना लाज वाटते, असं तिचं म्हणणं.”

दयानंद हसला. हे मात्र त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या गावात सापाला जनावर म्हणत, आणि गावाच्या सीमेवर जो न दिसता फिरतो त्याला म्हाराजा. गाऱ्हाणं घालताना त्याला कुणी भूत म्हणून बघावं!

“मॅडम,” तो म्हणाला, “मी पण स्टेजवर राणी. पंधरा वर्षं. इंडियामध्ये.”

मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याची मान, त्याचे खांदे, कात्री धरलेला हात. “ते दिसतंच आहे,” त्या म्हणाल्या.

झालं! एवढ्या तीन शब्दांनी माणसाचा घात केला. दयानंद त्या दिवशी खोलीवर गेला तो चालत नाहीच गेला, सरकत गेला. मॅडमना सीली दरबारची राणी हवी होती. मॅडमनी पाहिलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, दिसतं आहे. आता उरलं काय? त्याने आरशात मान कलती करून पाहिली. थोडी सुटलेली हनुवटी सोडली तर राणी अजून घरीच होती.

पुढच्या आठवड्यात मॅडम कापड घेऊन आल्या. मस्कतच्याच जुन्या मत्र्याच्या बाजारातून आणलेलं, फिकट हिरवट पांढरं, वर रुपेरी जर.

“राणीचा झगा,” त्या म्हणाल्या. “उद्या ती माप द्यायला येईल. ॲव्हरिल. इथल्याच हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. गोड आवाज आहे तिचा.”

दयानंदच्या ओठात टाचण्या होत्या. त्याने त्या दातांखाली धरल्या. उस्मानने हळूच सांगितलं, “टाचण्या काढ आधी, गिळशील.”

ॲव्हरिल आली. वसईची, चोविशीतली, चर्चच्या गायकवृंदात गाणारी, हसरी. ती आली म्हणजे बस सुटायला आल्यासारखी आली. दार ढकललं, पर्स आपटली, आणि म्हणाली, “अंकल, जरा पटकन हं. माझी शिफ्ट आहे.”

अंकल!

दयानंदने टेप तिच्या खांद्यावर टाकली. खांदा पुढे पडलेला. पाठ वाकडी. मान? मान म्हणजे टेलिफोन धरायची जागा, असं तिला वाटत असावं. ह्या पोरीच्या डोक्यावर मुकुट! तो मापं सांगत गेला, उस्मान लिहीत गेला, आणि दयानंदच्या छातीत काहीतरी मंद आचेवर लागत गेलं, तळाशी, करपल्याचा वास येईल असं.

“अंकल, तुम्ही पण ॲक्टर होता ना? मॅडम म्हणाल्या. कॉमेडी?”

“नाही,” दयानंद म्हणाला. “हात वर कर.”

झगा त्याने तीन दिवसांत शिवला. तसा झगा त्याने आयुष्यात शिवला नव्हता. बाह्यांना पिसासारखी कड, मागे लांब सोगा, गळ्याला जरीची वेल. उस्मान दोनदा उठून बघून गेला आणि दोन्ही वेळा काही बोलला नाही. उस्मानचं न बोलणं म्हणजे मोठंच बक्षीस. आणि मग ॲव्हरिलने तो घालून बघितला.

झगा खांद्यावरून घसरला. छातीपाशी ढगळ, कमरेत ढगळ, खाली वीतभर लांब. पोरगी आत कुठे आहे ते हाक मारून विचारावं लागलं असतं.

“दयाभाव,” उस्मान म्हणाला, “हिला शोधायला आता पोलीस बोलवू काय?”

ॲव्हरिल हसली. दयानंद हसला नाही. त्याने मापाचा कागद पाहिला. कागद बरोबर होता. मग त्याने झग्याकडे पाहिलं, आणि त्याच्या कानशिलांना घाम आला. तो खांदा त्याला ओळखीचा होता. ती कंबर ओळखीची होती. कापडावर कात्री घालताना त्याने कागदाकडे पाहिलंच नव्हतं. पंधरा वर्षं राणीचा पोशाख बेतताना जे माप हाताने धरलं, तेच माप हाताने धरलं होतं. दयानंद राऊळ, अंग तेच, फक्त पोटाकडे थोडं वाढवून. हे हाताने परस्पर केलं की आत कुणी बसून करवून घेतलं, ते त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

तो खाली वाकून टाचणी शोधू लागला. टाचणी पडलेली नव्हती.

पण ॲव्हरिलचं हसू मध्येच संपलं. ती स्टुलावर बसली, झग्याच्या ढिगासकट.

“नाहीतरी मला जमतच नाही, अंकल. मॅडम काल सगळ्यांसमोर बोलल्या. म्हणे मी वरदान देते ते रूमची चावी दिल्यासारखं. ब्रेकफास्ट सात ते दहा, तसं.” तिने डोळे पुसले. “तुम्ही एकदा घालून दाखवा ना. कसं चालायचं ते. प्लीज.”

दयानंद नको म्हणाला. फार हळू म्हणाला, कुणी ऐकू नये इतकं. उस्मानने उठून काचेवरचा पडदा ओढला.

मग त्याने झगा घातला. खांदा खांद्यावर बसला, कंबर कमरेवर. एक सुरकुती नाही! दुकान ते केवढं, मशीनपासून काचेपर्यंत. पण दयानंदने हनुवटी थोडी उचलली, नजर समोरच्या भिंतीपलीकडे कुठेतरी ठेवली, आणि तो निघाला. सोगा जमिनीवरून त्याच्यामागे आला, आज्ञाधारक. उस्मानचा हात चाकावर होता तो तसाच राहिला. ॲव्हरिलने नकळत स्टुलावरून उठून वाट दिली.

आणि ती शांतता आली. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, दोन माणसांची का होईना.

दार उघडून केर मॅडम आत आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांना बाह्यांबद्दल काहीतरी विचारायचं होतं. ते राहूनच गेलं. त्या म्हणाल्या, “मिस्टर राऊळ, आमच्याकडे दुसऱ्या दरबारची राणीही आहे. एकच प्रवेश. ती भूमिका करायला कुणी तयार नाही. तुम्ही कराल?”

दयानंदने झगा उतरवला. फार सांभाळून, सुरकुती पडू न देता.

दुसरा दरबार. म्हणजे पुन्हा सासूच! जगात कुठेही जा, लुगडं कोवळ्या पोरांना आणि दयानंदला सासू. पण या वेळी तो पासपोर्ट काढू शकत नव्हता, तो आधीच काढलेला होता. आणि खरं सांगायचं तर अंगाला जरीचा स्पर्श झाला होता. आता माघार घेणं त्याच्या हातात नव्हतं.

“करीन,” तो म्हणाला. “पण माझ्या दरबाराचं ते नाव कुणी घ्यायचं नाही. तालमीत पण नाही. भले शेजारी म्हणायचं.”

मॅडमनी छातीवर हात ठेवला. “आजीची शपथ,” त्या म्हणाल्या.

ॲव्हरिलसाठी नवा झगा बेतला, या वेळी कागदाकडे बघून, उस्मानला समोर बसवून. पहिला झगा दयानंदने दुकानामागच्या टबात काळा रंगवला. जर तेवढी रुपेरी राहिली.

शुक्रवारी शीलाला फोन झाला.

“रंग लावतास परत?” तिला आनंद झाला. “राणी ना?”

“राणी एक पोरगी झाली हा. वसईची.”

“मगे तुमी कोण?”

“मी काळोखातली राणी.”

“राणीच ना? मगे तोंड पाडूक काय झाला?”

“तुका नाय कळाचा,” दयानंद म्हणाला. पण शीलाला कळत होतं. ती दुसरीकडे बघून हसल्याचं त्याला सातासमुद्रापलीकडून दिसलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. दशावतारात नाटक लिहिलेलं नसतं. कथा ठरलेली, बोलणं नाही. दोन नट समोरासमोर आले की सवालजवाब रंगतात. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने तो झेलून परत मारायचा. ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला, आणि हरला की त्याने जायचं. कथेत कुणी का जिंकणार असेना, शब्दाने आधी जिंकून दाखवावं लागतं. आणि चांगला नट आपले शब्द तालमीत वाया घालवत नाही.

केर मॅडमना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी दयानंदला सांगितलं, “तुम्ही यायचं, एक फेरी घ्यायची, तुमच्या भाषेत रागाने काहीतरी म्हणायचं. मग ॲव्हरिल म्हणेल, ‘भल्यांच्या नावाने सांगते, परत जा.’ आणि तुम्ही जायचं.”

काहीतरी म्हणायचं, असं त्या बोलल्या. दशावतारी नटाला! तालमीत दयानंद यायचा, फेरी घ्यायचा, ओठ मिटून उभा राहायचा, आणि जायचा. मॅडम खूश. तालमीच्या कडेला बसून तो ॲव्हरिलकडे बघत राहायचा. तिची मान थोडी सुधारली होती, त्याच्याच चालीची नक्कल करून. ते तर त्याला अधिकच लागलं. माझंच घ्यायचं, आणि माझ्याच समोर!

नाटकाच्या दिवशी जानेवारीचा मस्त गार वारा होता. सूर्य नुकताच मावळला होता. हिरवळीवर कंदील, घडीच्या खुर्च्या, साहेबलोक, काही आपली कुटुंबं, पुढच्या रांगेत दोन-तीन ओमानी पाहुणे. उस्मान मागे उभा होता, शर्टाला इस्त्री करून.

पहिला अर्धा भाग ठीक चालला. ॲव्हरिलने धान्य वाटलं, आशीर्वाद दिले. आवाज गोड, पाठ सरळ, आणि तरी ब्रेकफास्ट सात ते दहाच. लोक प्रेमाने बघत होते. प्रेमाने बघणं म्हणजे काय ते नटाला कळतं. शेजारणीच्या मुलाची कविता ऐकतात तसं.

मग कंदील कमी झाले आणि दयानंद आला.

खुर्च्यांची कुरकुर थांबली. काळा सोगा गवतावरून सरकत होता. त्याने फेरी घेतली, सावकाश, एकेका माणसाला बघत, आणि ॲव्हरिलसमोर उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचा हात धरला. दयानंदच्या रक्तात जुनं काहीतरी उसळलं.

“तुका राणी कोणी केल्यान गो?” तो म्हणाला.

ॲव्हरिलने शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत सांगितलं, भल्यांच्या नावाने परत जा.

दयानंद गेला नाही. “ह्या मुकुटाचो भार तुझ्या मानेक सोसता काय? माका जा म्हणान सांगणारी तू कोण?”

ॲव्हरिलने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो एक पाऊल पुढे आला. तिने विंगेकडे पाहिलं. विंगेत केर मॅडम वहीची पानं भराभरा उलटत होत्या. वहीत हे पान नव्हतं.

“थय काय बघतंस? माझ्याकडे बघ! झगो उतरयलो तर खाली काय उरतला तुझा?”

हे नाटक नव्हतं, हे तिला कळलं. समोरच्या डोळ्यांत जे जळत होतं ते रंगाने काढलेलं नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. आणि वसईची पोरगी, जिला इंग्रजीत सगळ्यांशी गोडच बोलावं लागे, ती आपल्या घरच्या मराठीत उसळली.

“राणी मला कोणी केलं? तुम्ही केलं! हा झगा कोणी शिवला? हात तुमचे, आणि जाब मला विचारता?”

हिरवळीवर बहुतेकांना एक अक्षर कळत नव्हतं. कुणी श्वास घेत नव्हतं.

“शिवललो झगो फाडूक पण येता,” दयानंद म्हणाला. त्याला आता आनंद होऊ लागला होता, भयंकर असा. चेंडू परत आला होता!

“फाडा!” तिची मान वर गेली. कुणाची नक्कल नव्हती ती, स्वतःची मान. “मी अशीच उभी राहीन. पण मग तुम्ही कुणासमोर उभे राहणार? मी इथे नसले तर तुमच्याकडे कोण बघणार?”

दयानंदने तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर शंभर जुने जवाब होते, सगळे तयार. पण तोंडातून आलं ते भलतंच, आणि फार हळू आलं.

“माझी जागा ती.”

ॲव्हरिल थांबली. मग ती राणीच्या आसनाची पायरी उतरून खाली आली, जे नाटकात कुठेही नव्हतं, आणि मराठीतच म्हणाली, “तुमची आहे. आज मी आहे इथे. जा आता.”

दयानंदला उत्तर सुचलं नाही. आणि उत्तर सुचलं नाही की जायचं, हा त्याच्या रंगभूमीचा कायदा. तो वळला आणि सरकत काळोखात गेला. मागून टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो ॲव्हरिलसाठी होता. त्याने तो विंगेत उभं राहून शेवटपर्यंत ऐकला, दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा तसा.

मागे तो खोबरेल तेलाने रंग काढत बसला असताना ॲव्हरिल धावत आली. तिचे डोळे चमकत होते. “अंकल! मला मध्येच ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडले! कशी झाले मी?”

“दुसऱ्या वाक्याला आवाज फाटला,” दयानंद म्हणाला.

ती वळून निघून गेली. उस्मान हे ऐकत होता. “एक शब्द बरा बोलला असतास तर जीभ झडली असती?”

“कापूस दे,” दयानंद म्हणाला.

वर्षभर लोक त्या प्रवेशाबद्दल बोलत होते, आणि बोलत होते ते ‘त्या मुलीबद्दल’. दुकानात बायका यायच्या, ‘त्या मुलीचा’ झगा तुम्हीच शिवला ना, असं विचारायच्या. दयानंद हो म्हणायचा आणि कात्री जरा जोरात चालवायचा.

पुढच्या हिवाळ्यात मॅडमच्या हौशी मंडळाने तेच नाटक पुन्हा करायचं ठरवलं. केर मॅडम दुकानात आल्या आणि न बसताच म्हणाल्या, “मिस्टर राऊळ, यंदा सीली दरबारची राणी तुम्ही.”

“आणि ती?”

“तिने स्वतःच सांगितलं. तिला तुमची भूमिका हवी आहे.”

मिळालं! पांढरं कापड, रुपेरी जर, स्वतःच्या मापाचा झगा, आणि या वेळी राजरोस. दयानंदने शीलाला शुक्रवारची वाट न बघता फोन केला.

पण तालमी सुरू झाल्या आणि त्याला कळेना, काय चुकतंय. चाल होती. मान होती. आशीर्वाद होता. त्याने आयुष्यभर राण्या केल्या होत्या, पण त्या सगळ्या दुःखी. कुणाला वनवास, कुणावर आळ, कुणाला सवत. ही राणी तर धन्य. हिला काही कमीच नव्हतं. जिला काही नको, तिने प्रेक्षकांकडे बघायचं तरी कशासाठी? तो रंगमंचावर उभा राहिला की लोक प्रेमाने बघत. प्रेमाने!

“सुखी दिसायला काय लागतं रे?” त्याने एकदा उस्मानला विचारलं.

“सुखी असावं लागतं,” उस्मान म्हणाला. “तुझं अवघड आहे.”

नाटकाची संध्याकाळ आली. पुन्हा कंदील, पुन्हा गार वारा. दयानंदने धान्य वाटलं, वरदानं दिली. टाळ्या आल्या, सभ्य, मोजून. मग उजेड कमी झाला आणि काळ्या झग्यात ॲव्हरिल आली.

झगा तिला लहान करून दिला होता, दयानंदनेच. ती बस पकडायला आल्यासारखी आली नाही. आणि त्याच्यासारखीही आली नाही. ती वादळात दार आपटावं तशी आली आणि मधोमध थांबली. आणि ती शांतता, दयानंदची शांतता, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याकडून निघून तिच्यापाशी गेली. खुर्च्या तिच्याकडे वळल्या. पांढऱ्या झग्यात दयानंद नुसता उभा होता, लग्नात नवरदेवाशेजारी दुसरंच कुणीतरी उभं असावं तसा.

ॲव्हरिल त्याच्याभोवती फिरली. “या वर्षी राणी झालात,” ती मराठीत म्हणाली. “जागा मिळाली. मुकुट मिळाला. आता पोट भरलं का?”

तिने शब्द बरोबर जागी टाकला होता. दयानंदला क्षणभर अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्याहून मोठं काहीतरी वाटलं, जुनं, ओळखीचं, करपल्याच्या वासाचं. त्याच्याकडे जवाब होते. पंधरा वर्षांचे जवाब! एकात ही पोरगी गारद झाली असती आणि खुर्च्या परत वळल्या असत्या. विंगेत उभ्या मॅडमनी या वर्षी वही बंद ठेवली होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं. हनुवटीखाली तिची शीर उडत होती. तिला भीती वाटत होती आणि तरी ती हटत नव्हती.

“पोट भरला नाय,” दयानंद म्हणाला. “भरललाच होता. तुका बघून परत भूक लागली.”

ॲव्हरिलला उत्तर सुचलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ थोडे उघडे, आणि मग कायद्याप्रमाणे मागे फिरली. शब्दाने तो जिंकला होता. पण सगळ्या माना तिच्याबरोबर वळल्या, ती काळोखात दिसेनाशी होईपर्यंत.

नाटक संपल्यावर तिच्याभोवती गर्दी झाली. केर मॅडमचे यजमान, पाहुणे, चर्चमधल्या मैत्रिणी. दयानंद मुकुट काढून कडेला उभा होता. मग दयानंदने सोगा हातावर घेतला आणि गर्दीत शिरला. माणसं बाजूला झाली.

“माझ्यापरास बरी केलंस,” तो ॲव्हरिलला म्हणाला.

तिला ते नीट कळलं की नाही, कोण जाणे. तिने त्याचा हात धरला. दयानंदने तो थोडा वेळ धरू दिला. मग सोडवून घेतला आणि तिच्या गळ्यापाशी बोट दाखवलं.

“आता झगो काढ. घामान जर काळी पडात.”